पवनारहून मेळघाट: अंतर मोजू नका, उजेड मोजा

उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला, की घरोघरी एकच विषय निघतो. थंड हवेच्या ठिकाणी कुठंतरी जाऊन येऊ. महाबळेश्वर लांब पडतं, पचमढीला ऐनवेळी खोली मिळत नाही. मग कोणीतरी म्हणतं, ‘‘चिखलदरा आहे ना! पहाटे निघू, रात्री परत.’’ सहलीचा निम्मा विचका या एका वाक्यात होतो. पवनारपासून चिखलदरा दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे आहे. कागदावर ते चार तासांचं अंतर. पण परतवाड्यापुढचा घाट, अमरावतीतली वाहतूक, चहा-नाश्ता आणि मुलांचं ‘थांबा ना’ धरलं तर जायला सहा तास लागतात आणि यायलाही तेवढेच. बारा तास गाडीत घालवून दरीच्या काठावर जेमतेम दोन तास मिळतात. पावसाळा असेल तर तेही धुक्यात जातात.

डोंगर, तलाव आणि जंगल तिन्ही एकत्र पाहायचं असेल, तर आपल्या भागातून मेळघाटाइतकी सोयीची जागा नाही. मात्र त्याची आखणी शहरातल्या सहलीसारखी करून चालत नाही. इथं अंतराला फारसा अर्थ नसतो. हाताशी उजेडाचे तास किती आहेत, त्यावर सगळं ठरतं. म्हणून किमान दोन रात्री ठेवा, आणि त्या दोन्ही एकाच ठिकाणी काढा. पुढचं सगळं या दोन गोष्टींवरूनच येतं.

आधी ठरवा: पठार की जंगल

लोक ‘चिखलदरा-मेळघाट’ असं एका दमात म्हणतात, पण या दोन वेगळ्या सहली आहेत. चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतलं, साधारण अकराशे मीटर उंचीवरचं पठारावरचं गाव. दऱ्यांच्या काठावरचे पॉइंट, शक्कर तलाव, वनउद्यान, कॉफीची लागवड आणि शेजारीच गाविलगड. गाडी बहुतेक ठिकाणांपर्यंत जाते, त्यामुळे आजी-आजोबा आणि लहान मुलं असलेल्या घरांना हेच बरं.

सेमाडोह, कोलकास, हरिसाल हा खालचा, सिपना नदीच्या खोऱ्यातला भाग म्हणजे खरं जंगल. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या इथून तापीला जाऊन मिळतात. साग, बांबू, धावडा, तेंदू, मोह यांचं हे रान उतारावरचं आणि दाट आहे. त्यामुळे इथं वाघ ताडोबाइतका सहज दिसत नाही. ‘वाघ दाखवतो’ असं मुलांना सांगून नेऊ नका. रानगवा, सांबर, अस्वल, रानकुत्री आणि पक्षी यांची आवड असेल तर मात्र या रानाला दोन दिवसही कमी पडतील. एकोणिसाव्या शतकानंतर नामशेष झाला असं मानलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या. पक्षीनिरीक्षक त्याच्यासाठी मुद्दाम इथं येतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी पठार निवडावं आणि जंगलासाठी एक सकाळ ठेवावी. आधी चिखलदरा पाहून झालेल्यांनी सरळ सेमाडोह किंवा कोलकास गाठावं. एक रात्र वर आणि एक रात्र खाली असा बेत केला, तर दुसरा अख्खा दिवस सामान बांधण्या-सोडण्यात जातो.

कधी जायचं

वर्धा समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर आहे, चिखलदरा अकराशेवर. दर हजार मीटरला तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं, त्या हिशेबाने तिथं आपल्यापेक्षा पाचेक अंश कमी धरा. म्हणजे मे महिन्यातली दुपार वरही तापतेच. सुख मिळतं ते संध्याकाळी आणि पहाटे. उन्हाळ्यात जाणार असाल तर खोली ठरवतानाच पाण्याची व्यवस्था विचारा, कारण पठारावर पाण्याची ओढ असते. गावाच्या पाण्यासाठी काळापाणी तलाव बांधला आहे, पण उन्हाळ्याच्या शेवटी पाणी जपूनच वापरावं लागतं. जंगलाच्या दृष्टीने मात्र एप्रिल-मे चांगला. पानगळ झालेली असते आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठा पाहण्याचा ‘निसर्गानुभव’ वनविभाग आयोजित करतो. त्याची नोंदणी आधीच करावी लागते आणि जागा लवकर भरतात.

पावसाळ्यात पठार हिरवंगार होतं आणि कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. पण धुकं इतकं उतरतं, की दरीच्या काठावर उभं राहून समोर फक्त पांढरं दिसतं. जुलै ते सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारीही बंद असते. शनिवार-रविवारी तर नागपूर, अमरावती, अकोला अशी सगळीकडची गर्दी घाटात येते. पावसाळ्यात जायचंच असेल तर सोमवार ते गुरुवार गाठा.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा सर्वांत निर्धास्त काळ. हवा स्वच्छ असते, झाडं हिरवी असतात, तलाव भरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि दिवस लहान असतो. सूर्य पावणेसहा ते सहाच्या सुमारास मावळतो, दऱ्यांत अंधार त्याआधीच उतरतो. आखणी करताना हा तास विसरू नका.

आपल्याकडे बऱ्याच घरांना शेतीचं वेळापत्रकही पाहावं लागतं. सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाची वेचणी भरात येण्यापूर्वी हाताशी चार-पाच मोकळे दिवस मिळाले, तर ते सोन्यासारखे. ते हुकले तर तूर घरात आल्यावर आणि हरभरा-गहू निघण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, दुसरी संधी असते. पोळ्यानंतर पिकं उभी असताना जाणाऱ्यांना ओलं रान आणि धबधबे मिळतात. सफारी नाही मिळणार, पण पठार पुरेसं आहे.

पोहोचायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर दोन वाटा आहेत. पहिली वर्धा, आर्वी, तळेगाव आणि तिथून नागपूर-अमरावती महामार्गाने तिवसा, गुरुकुंज मोझरीमार्गे अमरावती. दुसरी समृद्धी महामार्गाची. पवनारजवळच्या येळाकेळीला चढायचं, धामणगावला उतरायचं आणि चांदूर रेल्वेमार्गे अमरावती गाठायची. समृद्धीवर दुचाकीला आणि ऑटोरिक्षाला परवानगी नाही, मोटारसायकलवाल्यांनी पहिलीच वाट धरावी.

जाताना पहिली वाट घ्या, असं मी सुचवीन. नाश्त्याला थांबायचंच असतं, तर ते मोझरीला थांबावं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी तिथं आहे. अमरावतीच्या पुढे परतवाड्याच्या रस्त्यावर वलगाव लागतं. तिथं पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. विनोबांच्या पवनारहून निघून या दोन जागा वाटेतच भेटतात. दोन्ही मिळून पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि मुलांचे पायही मोकळे होतात.

गाडी नसेल तर वर्धा जंक्शनवरून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती बसस्थानक, मग एसटीने परतवाडा आणि पुढे चिखलदरा. एसटीने जाणाऱ्यांनी परतवाड्याहून वर जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच आगारात फोन करून विचारावी. वर पोहोचल्यावर पॉइंट एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे स्थानिक जीप किंवा ऑटो ठरवावाच लागतो. भाडं आधी बोलून घ्या, कोणकोणते पॉइंट दाखवणार तेही.

परतवाडा: शेवटचं मोठं गाव

परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावं म्हणजे मेळघाटाचा उंबरठा. टाकी इथंच भरा, टायरची हवा इथंच पाहा, रोख पैसे इथंच काढा. औषधाची दुकानं, मोठी रुग्णालयं, गाडीचे मिस्त्री, सगळं इथं आहे. पुढे फोनची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे यूपीआयवर विसंबून राहू नका. मुक्कामाचा पत्ता, बुकिंगची पावती आणि रस्त्याचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. घरी फोन करून ‘आता उद्या बोलू’ असं इथूनच सांगा, म्हणजे मागे कोणी काळजी करत बसणार नाही.

परतवाड्याहून वर जायला दोन घाट आहेत. धामणगाव गढीकडून चढणारा रस्ता थेट चिखलदऱ्याला जातो. घटांगकडचा रस्ता सेमाडोह-धारणीकडे जातो आणि त्याला वाटेतच चिखलदऱ्याचा फाटा फुटतो. एकाने चढा, दुसऱ्याने उतरा, म्हणजे दोन्ही दऱ्या पाहून होतात. गर्दीच्या दिवशी पोलीस वाहतूक एकेरी करतात, तेव्हा नाक्यावर सांगतील तसं करा.

घाट चालवायची सवय नसलेल्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात दिवे वरच्या झोतावर टाकू नका, उजेड परत डोळ्यांवर येतो. आणि ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये तो उतरा. सपाटीवर गाडी चालवणारे उतारावर न्यूट्रल करतात आणि सतत ब्रेक दाबत राहतात. चार-पाच वळणांत ब्रेक तापून रबर जळल्याचा वास येतो. तसा वास आला तर गाडी मोकळ्या जागी थांबवा, वीस मिनिटं निवू द्या, चाकावर पाणी ओतू नका. दुपारी तीनच्या आत घाट चढून व्हायला हवा. जंगलातल्या काही रस्त्यांवर अंधार पडला की वनविभागाचा नाका बंद होतो. जिथं तो उघडा असतो, तिथंही रात्री रस्त्यावर रानगवा उभा असू शकतो.

खोली आणि सफारी

चिखलदऱ्यात पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आणि बरीच खासगी हॉटेलं आहेत. सेमाडोह आणि कोलकासला वनविभागाची निवास व्यवस्था आहे. कोलकासचं विश्रामगृह सिपनेच्या काठावर आहे आणि खोल्या मोजक्या, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांसाठी महिना-दीड महिना आधी प्रयत्न करा. सफारीची नोंदणी व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावर होते. नोंदणी करताना ज्याचं जे ओळखपत्र दिलं, तेच मूळ स्वरूपात जवळ ठेवा, झेरॉक्स चालेलच असं नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि कोणतं प्रवेशद्वार सुरू आहे, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. सकाळची सफारी सूर्योदयाच्या आसपास निघते. चिखलदऱ्यात राहून सेमाडोहची सफारी घेणाऱ्यांनी पहाटेचा उतार धरून आणखी तासभर आधी उठायचं.

अकोटकडून शहानूर-नरनाळा असंही एक प्रवेशद्वार आहे. किल्ला आणि जंगल दोन्ही तिथं होतं, पण ती बाजू वेगळी. ती या सहलीत कोंबू नका.

तीन दिवस असे वापरा

पहिला दिवस. पवनारहून सकाळी सहाला निघा. मोझरीत नाश्ता, अमरावतीत हवा असेल तर गिला वडा, बाराच्या सुमारास परतवाड्यात जेवण. तीनच्या आत वर. खोलीत सामान टाकून शक्कर तलावावर जा. दमलेल्या मंडळींना पाण्याकाठी बसायला तीच जागा बरी. त्या दिवशी एखादाच पॉइंट पाहा, सूर्यास्ताच्या वेळचा. बाकीचे उद्यावर टाका.

दुसरा दिवस. सकाळचं ऊन कोवळं असताना गाविलगड. १४२५च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहाने तो बांधला, असं मानतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी ऑर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा हा गड जिंकला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. इतका इतिहास माहीत असला, की पडकी तटबंदीही बोलकी होते. दरवाज्यांवरची शिल्पं जवळ जाऊन पाहा. गडाचा पसारा मोठा आहे, आत जुने तलाव आहेत आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत असतं. पायात बूट, हातात काठी, माणशी दोन लिटर पाणी आणि गट एकत्र. तीन-चार तास ठेवा आणि दुपारी चारच्या आत बाहेर पडा, हे रान बिबट्या-अस्वलांचंही आहे.

दुपारी जेवून विश्रांती. चारनंतर देवी पॉइंट, भीमकुंड आणि पंचबोल पॉइंट. भीमकुंडात भीमाने कीचकाला मारून हात धुतले, अशी कथा आहे. पंचबोलला हाक मारली की दऱ्यांतून पुन्हा पुन्हा ऐकू येते, पण आधीच दहा जण ओरडत असतील तर थोडं थांबा, नाहीतर कोणालाच काही ऐकू येत नाही. देवी पॉइंटच्या खडकात देवीचं ठाणं आहे, तिथं वरच्या दगडांतून पाणी झिरपत असतं आणि पायाखालची फरशी कायम ओली असते. म्हाताऱ्या माणसांना तिथं हात धरूनच न्या. कुठल्याही पॉइंटवर कठड्याबाहेर पाय टाकायचा नाही, हा नियम घरून निघतानाच मुलांना आणि त्यांच्या काकालाही सांगून ठेवा.

तिसरा दिवस. सफारी घेतली असेल तर पहाटे सेमाडोह, नाहीतर सकाळी मोथ्यात थांबून खवा आणि हंगाम असेल तर स्ट्रॉबेरी घ्या. पठारावर गवळ्यांची वस्ती जुनी आहे, दूध-खव्याला चव आहे. अकरापर्यंत उतरायला लागा. घटांगमार्गे परतवाडा, दुपारी अमरावती, आणि तिथून समृद्धीने दिवेलागणीपर्यंत घर.

सामान

गरम कपडे ऑक्टोबरपासूनच, पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट. पठारावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. सफारीसाठी मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे. विजेरी प्रत्येकी एक. गवतातून फिरून आल्यावर गोचीड लागली आहे का, ते मुलांच्या मानेमागे आणि गुडघ्यांमागे तपासा. रात्री डासांसाठी मलम. रक्तदाब, मधुमेह, दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून चार दिवसांची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. घाटात मळमळणाऱ्यांनी गोळी परतवाड्यातच घ्यावी, पहिल्या वळणानंतर घेऊन उपयोग नसतो. खाण्यासाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि वर्ध्याचा गोरसपाक. गोरसपाक लवकर खराब होत नाही आणि मुलं तक्रार न करता खातात. खाणं पिशवीत बंद ठेवा, पॉइंटवरची माकडं हातातून हिसकून नेतात. त्यांना काही देऊ नका, उद्या तीच सवय दुसऱ्या कोणाच्या लेकराला चावते.

तिथल्या माणसांशी

मेळघाट हे प्रामुख्याने कोरकू आदिवासींचं घर आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, पण मराठी-हिंदीत बोलणं सहज होतं. परवानगी न विचारता घरांचे, बायकांचे फोटो काढू नका. मुलांना गाडीतून चॉकलेट, नाणी टाकू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींशी बोला. मध, खवा, फळं घेताना शंभराच्या वस्तूसाठी दहा रुपयांची घासाघीस करू नका. होळीच्या दिवसांत गेलात तर वाटेत गाणी म्हणत, फगवा मागत गट भेटतील. कामासाठी बाहेर गेलेली माणसं या सणाला घरी येतात, त्यांचा हा सर्वांत मोठा सण. हसून थोडे पैसे द्या, काच वर करून घाबरून बसू नका.

रानाचे नियम थोडे आहेत, पण ते पाळायचेच. प्लास्टिक परत आणा, हॉर्न वाजवू नका, गाडीतून खाली उतरू नका, उन्हाळ्यात काडी पेटवू नका. निघण्याआधी मारुती चितमपल्ली यांचं एखादं पुस्तक वाचा. त्यांच्या वनखात्यातल्या नोकरीची वर्षं नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत गेली. ते वाचून गेलं, की सफारीत वाघ नाही दिसला तरी पाहण्यासारखं बरंच उरतं.

दोन रात्री काढणं जमत नसेल तर

एकाच दिवसाची मोकळीक असेल तर मेळघाटाचा हट्ट सोडा आणि बोर धरणाला जा. पवनारहून सेलू, हिंगणीमार्गे तासाभराची वाट. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं बोर आकाराने लहान आहे, पण टेकड्या, जंगल आणि जलाशय तिन्ही तिथं आहेत. थंडीत पाण्यावर पक्षी असतात. आपल्या धाम नदीचं महाकाळीचं धरणही डोंगरांत आहे, एका दुपारपुरतं तेही चालतं. मुलं पाच-सहा तास गाडीत बसतील का, आजोबांच्या गुडघ्यांना चढ झेपेल का, याचा अंदाज बोरच्या एका फेरीत येतो. मोठी सहल ठरवण्याआधी ही रंगीत तालीम करून घ्या.

मेळघाट नक्की असेल तर कामाचा क्रम असा ठेवा. आधी तारीख, ती आठवड्यातल्या मधल्या दिवसांची. मग खोली, मग सफारी, आणि शेवटी गाडी. बहुतेक जण आधी गाडी ठरवतात, मग सीट भरायला माणसं गोळा करतात आणि खोली सर्वांत शेवटी शोधतात. खोली मिळाली नाही, की पुन्हा तेच सुरू होतं: ‘पहाटे निघू, रात्री परत.’ अशा वेळी गाडीवाल्याला सरळ नाही म्हणा आणि तारीख पंधरा दिवस पुढे ढकला.